तरलो, तरतो आहे, तरेन

मराठीच्या तासाला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा आणि मागच्या बाकावरून हशा यावा, हा आमच्या धंद्यातला नित्याचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत होतो. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली, मधली वर्षे त्या माउलीने कशी काढली, हे सांगताना मी फळ्यावर ‘तारण’ हा शब्द लिहिला आणि विचारले, “याचा अर्थ काय?” मागून तत्काळ उत्तर आले, “सर, सोनेतारण!” वर्ग हसला, मीही हसलो. ज्यांच्या गल्लीत दोन-दोन पतपेढ्यांच्या पाट्या आहेत, त्या मुलांना तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेला दागिना एवढेच ठाऊक असणार.

मी जरा ऐटीतच सांगितले, “अरे, मूळ धातू ‘तॄ’. तरणे, तारणे, तारण. बुडत्याला पैलतीराला नेणे. ख्रिस्ती लोकांचे तारण म्हणजे आपला मोक्षच. शब्द निराळा, गोष्ट एकच.” आणि पुढच्या उताऱ्याकडे वळलो.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी घुटमळत राहिली. नगर जिल्ह्यातली, वर्गात क्वचितच तोंड उघडणारी. म्हणाली, “सर, राग मानू नका, पण ती गोष्ट एक नाही. आमच्या एका घरातसुद्धा ती एक नाही.”

मग हळूहळू तिने सांगितले ते असे. घराणे पणजोबांपासून ख्रिस्ती. सगळ्यांचे बाप्तिस्मे तान्हेपणी झालेले. दर रविवारी उपासना, नाताळला करंज्या, असे शांत चाललेले घर. थोरला भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथे एका नव्या मंडळीत जाऊ लागला. लहानपणचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असे तिथे शिकला आणि पाण्यात बुडी घेऊन त्याने तो नव्याने घेतला. मुलगा सुधारला, यात शंका नाही. तंबाखू सुटली, पगार घरी येऊ लागला. पण सुट्टीला आला, की घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागला : “तुमचं तारण झालंय का?” वडील भडकले, आई गप्प झाली. एके दिवशी त्याने आजीलाही विचारले. आजी ऐंशीची. तिच्या पवित्र शास्त्राची पाने हाताळून हाताळून मऊ झालेली. तिने उत्तर दिले नाही. पण त्या रात्री ती जेवली नाही.

“सर,” मुलगी म्हणाली, “दादा मनानं वाईट नाही. त्याला खरंच काळजी वाटते. पण मग खरं काय आहे?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मोक्ष आणि तारण एका वाक्यात उरकून मोकळा झालो होतो आणि इकडे त्याच शब्दापायी एका घरातले ताट परत गेले होते.

मी ख्रिस्ती नव्हे आणि धर्मपंडित तर मुळीच नव्हे. पण शब्दाचा अर्थ चुकला तर तो सुधारणे हे मराठीच्या मास्तराचे कामच आहे. तेव्हा दोन वर्षे सवड मिळेल तसे वाचले, एका पाळकांना आणि एका फादरांना जाऊन भेटलो. जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली चूक माझीच. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. बायबलात तो फेराच नाही, जन्म एकच. तिथे माणसाला सोडवायचे असते ते पापापासून, मरणापासून आणि देवाशी तुटलेल्या नात्यापासून. आणि शेवटी आत्मा देहाच्या पिंजऱ्यातून उडून जायचा नसतो, तर देहासकट पुन्हा उठायचा असतो. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली छापून निघालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटले, कारण ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द तोच. पुढच्यांनी कोणी मुक्ती म्हटले, कोणी उद्धार, कोणी तारण. शब्द आपले, पण आत भरलेला माल दुसऱ्या गावचा, असा हा प्रकार आहे.

बरे, मूळ गावी तरी एकच अर्थ आहे का? तसेही नाही. जुन्या करारात तारण म्हणजे बहुतेक ठिकाणी याच जगातली, डोळ्यांना दिसणारी सुटका. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक समुद्र ओलांडून पलीकडे गेले, ते तारण. येशू हे नावही ‘तारणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूवरून आलेले. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत यासाठी जे क्रियापद आहे, ते तर आणखी गमतीचे आहे. पेत्र पाण्यात बुडू लागून ओरडला तेव्हा तेच, आणि बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई बरी झाली तेव्हाही तेच. वाचणे, बरे होणे आणि तरणे या तिन्हींना एकच क्रियापद! ग्रीस, रशिया आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी यातला ‘बरे होणे’ हा धागा घट्ट धरला. त्यांच्या मते पाप हा गुन्ह्यापेक्षा रोग अधिक. ख्रिस्त हा वैद्य. आणि तारण म्हणजे माणसाने हळूहळू देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे. पश्चिमेने मात्र न्यायालयाची भाषा अधिक उचलली : आरोपी, निकाल, निर्दोष सुटका. अर्ध्या भांडणाचे मूळ या दोन उपमांत आहे.

उरलेल्या अर्ध्याचे मूळ पाहायचे तर एक गोष्ट पुरे आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात ती येते. फिलिप्पै गावात पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकलेले आहे, पाय खोड्यात आहेत. मध्यरात्री भूकंप होतो, दारे सताड उघडतात. कैदी पळाले असे समजून तुरुंगाचा नायक स्वतःच्या पोटात तलवार खुपसणार, एवढ्यात पौल अंधारातून ओरडून सांगतो, की आम्ही सगळे इथेच आहोत. तो नायक थरथरत येतो आणि विचारतो, की मी तरावे म्हणून काय करू? पौल सांगतो, प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तू आणि तुझे घराणे तराल. मग तो नायक त्याच रात्री कैद्यांच्या जखमा धुतो, सगळ्या घरादारासह बाप्तिस्मा घेतो आणि त्यांना घरी नेऊन जेवायला वाढतो.

एवढीच गोष्ट. पण निरनिराळे पंथ तिच्या निरनिराळ्या वाक्यांवर थांबतात. एक म्हणतो, “विश्वास ठेव एवढेच सांगितले ना? मग तारण त्याच क्षणी झाले. बाप्तिस्मा ही नंतरची खूण.” दुसरा म्हणतो, “मग मध्यरात्री पाणी शोधण्याची घाई कशाला केली? बाप्तिस्म्यावाचून तारण पुरे होत नाही.” तिसरा म्हणतो, “घरादारासह म्हटले आहे. घरात तान्ही मुलेही असणारच.” त्यावर चौथा, “तान्ह्याला विश्वास कुठून येणार? आधी विश्वास, मग पाणी.” पाचवा म्हणतो, “त्याने जखमा धुतल्या, जेवायला वाढले, ते नाही का पाहिलेत?” आणि आपल्याकडे १८८२ साली मुंबईस उतरलेली, ‘मुक्तिफौज’ या नावाने ओळखली जाणारी साल्व्हेशन आर्मी तर बाप्तिस्म्याचा विधीच करीत नाही, आतला पालट झाला की पुरे, हा तिचा मार्ग. ताई, तुझा दादा आणि तुझी आजी एकाच पुस्तकाच्या एकाच पानावर आहेत; बोट तेवढे वेगळ्या ओळीवर आहे, असे त्या मुलीला सांगावेसे वाटले.

पण बोट कुठल्या ओळीवर, यावरून युरोपात रक्त सांडले आहे, हेही विसरता येत नाही. पौलाने रोमकरांस लिहिले, की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. पुरावा म्हणून अब्राहामाचे नाव घेतले. याकोबाने आपल्या पत्रात लिहिले, की माणूस कृतींनी नीतिमान ठरतो, नुसत्या विश्वासाने नाही. आणि साक्षीला उभा केला तोही अब्राहामच! १५१७ साली पापक्षमेच्या पत्रांचा बाजार पाहून संतापलेल्या मार्टिन ल्यूथरने ९५ प्रमेये मांडली. पुढे १५२२ साली नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले, तेव्हा पौलाच्या त्या वाक्यात त्याने ‘फक्त’ असा अर्थ देणारा एक शब्द घातला : फक्त विश्वासाने. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. टीका झाली, तेव्हा १५३० साली त्याने उत्तर दिले, की जर्मन बोलीला तो शब्द हवाच असतो आणि पौलाचा आशयही तोच आहे. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून पाहावे. गंमत अशी, की नव्या करारात ‘विश्वास’ आणि ‘फक्त’ हे शब्द जिथे खरोखर शेजारी येतात ती जागा याकोबाच्या पत्रातली, आणि तिथे पुढे नकार आहे! ल्यूथरने त्या पत्राला गवतकाडीची किंमत दिली, ती काय उगीच?

रोमनेही उत्तर दिले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये या एका विषयावर ३३ नियम काढले. लोक समजतात तसे ‘पुण्य करा आणि स्वर्ग विकत घ्या’ असे मात्र त्यात नाही. आरंभ देवाच्या कृपेनेच होतो, असे तेही म्हणतात. पण त्या कृपेला माणसाने साथ द्यायची असते, सत्कृत्यांनी ती वाढते, घोर पापाने गमावलीही जाते. म्हणून माझे तारण निश्चित झाले, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये, अशी ही शिकवण. ल्यूथर म्हणणार, की चांगले झाड चांगली फळे देतेच. पण फळांमुळे झाड चांगले ठरत नाही. आणि देवाने वचन दिले असताना शंका घेणे हा त्या वचनाचा अपमान आहे.

इथे मला त्या घरातली गाठ प्रथम दिसली. एका वळणात ‘माझे तारण झाले’ म्हणणे हा अहंकार. दुसऱ्या वळणात ते न म्हणणे हा अविश्वास. आजीचे गप्प बसणे ही तिची नम्रता असेल. नातवाला मात्र त्यात धोका ऐकू आला.

प्रोटेस्टंटांचे तरी आपसांत कुठे जमले? कॅल्व्हिनच्या अनुयायांनी म्हटले, की कोण तरणार हे देवाने अनादिकाळी ठरविले आहे आणि जो खरोखर तरला तो कधीच बुडत नाही. हॉलंडात आर्मिनियसचे शिष्य १६१० साली म्हणाले, कृपा सर्वांसाठी आहे, माणूस ती नाकारू शकतो. डॉर्टच्या सभेने १६१८-१९ मध्ये त्यांना चूक ठरविले. इंग्लंडात जॉन वेस्ली हा कृपा सर्वांसाठी म्हणणारा, आणि त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड हा कॅल्व्हिनच्या बाजूचा. दोघांचे जाहीर वाजले, छापील पत्रके निघाली. पण १७७० साली व्हाइटफील्ड वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे लंडनमधले स्मृतिप्रवचन वेस्लीने केले. मतभेद मिटले नव्हते. मैत्री मात्र तुटली नव्हती. पंडितांच्या वादात असे क्वचितच घडते, आमच्या मराठी विभागात तर नाहीच.

आणि जे या साऱ्याच्या बाहेर आहेत, त्यांचे काय? तुमच्या-माझ्यासारख्यांना हा प्रश्न पडणारच. चर्चच्या बाहेर तारण नाही, हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या सिप्रियनपासून चालत आलेले. अमेरिकेत बॉस्टनचे फादर लिओनर्ड फीनी यांनी त्याचा अक्षरशः अर्थ धरला आणि कॅथलिक नसलेल्या कोणाचीही सुटका नाही, असे सांगू लागले. रोमने तो अर्थ मान्य केला नाही; बोलावूनही ते गेले नाहीत, तेव्हा १९५३ साली त्यांनाच बहिष्कृत केले. बाहेर कोणी तरत नाही म्हणणारा स्वतःच बाहेर! १९७२ साली त्यांचा पुन्हा समेट झाला. दरम्यान १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले होते, की ज्यांना आपला दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्बुद्धीला स्मरून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. इतर अनेक मंडळ्यांना हे पटत नाही. सुवार्ता ऐकून विश्वास ठेवल्यावाचून मार्ग नाही, असे त्या प्रामाणिकपणे मानतात. म्हणून तर दादासारखे तरुण घरच्यांच्या मागे लागतात. तो हट्ट बुडत्याला हाक मारणाऱ्याचा आहे, एवढे ओळखले तरी आपला राग निम्मा होतो.

हा सारा वाद समुद्रापलीकडचा, असे मात्र कोणी समजू नये. तो एका मराठी बाईने एकटीने भोगला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींची अपेक्षा, की आता रमाने चर्चची शिकवण मुकाट्याने स्वीकारावी. रमाबाई कसल्या मुकाट राहतात! जे बुद्धीला पटत नाही ते त्यांनी पत्रांतून स्पष्ट विचारले, वाद घातला. पुढे हिंदुस्थानात परत आल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला आहे, ख्रिस्त नव्हे. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले होते. हा गृहस्थ पाळक होऊन कित्येक वर्षांनी, स्वतःचेच प्रवचन देता देता पालटला होता. मग रमाबाईंचे तारण केव्हाचे धरायचे? १८८३चे, की नंतरचे? वाँटेजच्या भगिनी एक उत्तर देतील, दादाची मंडळी दुसरे.

रमाबाईंनी मात्र पुढे जे केले, त्याने हा प्रश्न मला थोडा लहान वाटू लागला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या आणि त्या वसतीला नाव दिले ‘मुक्ति’. त्या मुलींना मुक्तीचा पहिला अर्थ कळला तो भाकरीत आणि डोक्यावरच्या छपरात. मिसरमधून सुटलेल्यांना कळला होता, तसाच.

मतभेद कायमचेच का? अगदी तसे नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरी ल्यूथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने आणि रोमन कॅथलिक चर्चने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव माणसाला स्वीकारतो आणि मग सत्कृत्यांसाठी पाठवितो, अशा आशयावर दोघांचे एकमत झाले. २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. सगळ्यांनी काही ती मानली नाही. पण साडेचारशे वर्षे एकमेकांना शाप देणाऱ्यांनी एका कागदावर सही केली, हे थोडे नाही.

मला स्वतःला वाट दाखविली ती व्याकरणाने. पौलाची पत्रे वाचताना लक्षात आले, की हा माणूस तारणाचे क्रियापद तिन्ही काळांत चालवितो. इफिसकरांच्या पत्रात ते झालेले आहे, करिंथकरांच्या पत्रात चाललेले आहे, रोमकरांच्या पत्रात पुढे व्हायचे आहे. तरलो, तरतो आहे, तरेन! दादाने भूतकाळ धरला, फादरांनी वर्तमानकाळ, आजीने बहुधा भविष्यकाळ. क्रियापद एकच, पण एका काळात सगळे मावत नाही.

दोन वर्षांनी त्या मुलीला हे सारे सांगितले. तोवर ती शेवटच्या वर्षाला आली होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, हे आजीला कसं सांगू?” प्रश्न रास्त होता. ट्रेंट आणि डॉर्ट आजीच्या काय उपयोगाचे? मग मी तिला एक गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये १४३१ साली जोन ऑफ आर्कवर खटला चालला. पोरगी अवघी एकोणीस वर्षांची. न्यायाधीशांनी विचारले, की तू देवाच्या कृपेत आहेस का? प्रश्न नव्हता तो, सापळा होता. हो म्हणावे तर गर्व, नाही म्हणावे तर कबुलीजबाब. ती निरक्षर पोर म्हणाली, की नसेन तर देवाने मला तिथे घ्यावे, आणि असेन तर तिथेच ठेवावे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी भेटली. मी विचारले, “सांगितलीस का गोष्ट?” म्हणाली, “सांगितली, सर. दादा पण तिथंच ओसरीवर बसला होता. आजीनं सगळी ऐकली आणि विचारलं, मग सोडलं का त्या पोरीला? मी म्हटलं, नाही, जाळलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, आपला बाबू काय तसा न्हाई. जा, ताट वाढ त्याचं. मी बी बसते.”